घंटागाडीमागच्या हातांचा विमा : इयत्ता चौथी-पाचवीसाठी एक परिसर पाठ



परिसर अभ्यासात आपण कचऱ्याचा पाठ शिकवतो. ओला कचरा, सुका कचरा, हिरवा डबा, निळा डबा. मुलं तक्ता छान काढतात. पण आपण डब्यात टाकलेलं पुढे कोणाच्या तरी हाताला लागतं, त्या हाताचं काय, हा प्रश्न पाठात येत नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर हे हात बऱ्याचदा आपल्याच मुलांच्या आईचे, आजीचे असतात. म्हणून हा पाठ थोडा पुढे नेऊ या.

आधी धोका समजून घेऊ

मुलांना विचारा, "कचरा निवडणाऱ्या ताईला काय काय होऊ शकतं?" उत्तरं फळ्यावर लिहा. साधारण ही यादी तयार होईल :

१. फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई लागणं.
२. ट्यूबलाइट फुटली की त्यातला पारा, जुन्या बॅटरीतलं रसायन.
३. ढिगात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. विंचू तर आहेच.
४. टायर, करवंट्या, डबे यांत पाणी साचतं, डास वाढतात. मलेरियाचं नाव गडचिरोलीला नवीन नाही.
५. ऊन. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो आणि घंटागाडी सुट्टी घेत नाही.

आणि सहावा धोका पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडणार नाही. उघड्यावरच्या उकिरड्यावर कुत्री, डुकरं येतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूर औष्णिक वीज केंद्र आणि दुर्गापूर परिसरात वाघाने एका कामगाराचा आणि बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. झाडोरा आणि कचरा वस्तीला लागून राहू देऊ नये, हा नियम आपल्याकडे शोभेपुरता नाही, जिवासाठी आहे. कचऱ्याचं काम पूर्ण उजेडात आणि दोघी-तिघींनी मिळूनच करायचं, हेही त्यातच आलं.

पुण्याचं उदाहरण

१९९३ मध्ये पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. पहिली मागणी पैशाची नव्हती, ओळखीची होती. तोवर कचरा वेचणाऱ्या बाईला लोक चोर समजायचे. महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र मिळालं आणि ती 'कामगार' झाली. पुढे २००२-०३ च्या सुमारास पुणे महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. २००८ पासून याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली.

यातला क्रम बघा. आधी नाव, मग ओळखपत्र, मग विमा. ज्याचं नाव कोणत्याच वहीत नाही, त्याचा विमा काढायचा तरी कसा? आपल्या गावात ग्रामपंचायतीचं, नगरपंचायतीचं किंवा बचत गटाचं कचऱ्याचं काम चालत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा : काम करणाऱ्या सगळ्यांची नावं हजेरीवर आहेत का?

'स्वच्छ'च्या कष्टकरी बायकांनी लोकांना आणखी एक सवय लावली. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे कागदात गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की हात सावध होतो. त्याला खर्च काहीच नाही. हा लाल ठिपका आपल्या शाळेत उद्यापासून सुरू करता येईल.

विमा म्हणजे काय? गणिताच्या तासाला

मुलांना हे उदाहरण द्या. एका गावात १०० घरं आहेत. वर्षात कोणत्या तरी एका घराचं १०,००० रुपयांचं नुकसान होतं, पण कोणत्या घराचं ते आधी कळत नाही. सगळ्यांनी आधीच पैसे जमा करून ठेवले तर प्रत्येकाला किती द्यावे लागतील?

उत्तर : १०,००० ÷ १०० = १०० रुपये.

आता दुसरा प्रश्न. निष्काळजीपणामुळे वर्षात अशी ५ नुकसानं झाली तर? ५०,००० ÷ १०० = ५०० रुपये. चौथीचं मूलही इथे बोलतं, "मॅडम, मग काळजी घेतली तर सगळ्यांचेच पैसे वाचतात!" पाठाचा गाभा हाच आहे. हातमोजे आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हातमोजे अपघात कमी करतात, आणि तरीही जो अपघात होतोच त्याचा भार विमा सगळ्यांत वाटून घेतो. विमा आहे म्हणून मोजे काढून ठेवले तर हिशेब बिघडतो.

आपल्या हातातल्या योजना

पालकांनी हा भाग नीट वाचावा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना : वय १८ ते ७०, बँकेत किंवा पोस्टात खातं हवं. वर्षाला फक्त २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर १ लाख. २४ जणींच्या गटाचा वर्षाचा हप्ता २४ × २० = ४८० रुपये.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मेअखेरीस खातं रिकामं असेल तर संरक्षण थांबतं. मजुरी आली की सगळी काढून घेण्याची सवय इथे नडते. दोन, या योजनेतून दवाखान्याचा खर्च मिळत नाही. तीन, साप चावला किंवा झाडावरून पडून अपघात झाला, तर त्याची लगेच झालेली दवाखान्यातली नोंद दाव्याला लागते. आधी मांत्रिकाकडे नेलं तर जीवही धोक्यात आणि कागदही नाही. मोहफुलं आणि तेंदूपानं गोळा करणाऱ्या घरांनाही हे लागू आहे.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : वय १८ ते ५०, वर्षाला ४३६ रुपये. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख.

दवाखान्याच्या खर्चासाठी आयुष्मान कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार नोंदणीकृत रुग्णालयात होतात. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पासून कचरा वेचणाऱ्यांचाही समावेश झाला आहे. त्यातही पहिली पायरी नावनोंदणीचीच.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ताईने स्वतः २० रुपये भरले म्हणून काम देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. कामावरच्या अपघाताची भरपाई काम देणाऱ्याने द्यायची, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क पुरवण्याचं कामही सफाईचं काम चालवणाऱ्या यंत्रणेवरच टाकलं.

सुई टोचली तर?

हा तक्ता करून घंटागाडीत आणि शाळेत लावा.

१. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका.
२. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्ही टाळण्याचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कावीळ-बी च्या लसीबद्दलही विचारा.
३. काय झालं, कुठे, किती वाजता, हे गटाच्या वहीत लिहा. केसपेपर जपून ठेवा.

शाळेच्या स्वच्छता मोहिमेत

मुलांना मोहिमेत घ्यायचं, पण कशाला हात लावू द्यायचा हे आधी ठरवायचं. कागद, पानं, काड्या चालतील. काच, सुया, औषधांच्या बाटल्या, पॅड, बॅटऱ्या मुलांनी उचलायच्याच नाहीत. दिसल्या तर तिथे थांबून मोठ्यांना हाक मारायची. झुडपात हात घालायचा नाही. चप्पल-बूट सक्तीचे, नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं. पहिली ते बारावीच्या मुलांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. त्याचे कागद कुठे द्यायचे, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असावं.

घरचा अभ्यास

मुलांनी घरी तीन प्रश्न विचारून यायचे. आपल्या घरातली काच आणि ब्लेड आपण कशात टाकतो? आपल्या दारावर येणाऱ्या घंटागाडीच्या ताईचं नाव काय? आईच्या, बाबांच्या पासबुकात २० रुपये कापल्याची नोंद आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच घरांतून "माहीत नाही" असं येईल. मग त्या आठवड्यात पालकसभा ठेवा आणि पासबुकं घेऊन यायला सांगा. मुलं नोंद शोधून देतील, वाचन-गणित दोन्ही होईल. ज्या घरात नोंद सापडणार नाही, त्यांना बँकेचा रस्ता दाखवायला शिक्षक आहेतच.