नदीपलीकडचे आजोळ

मालवणहून किनाऱ्याने दक्षिणेस जावे, तो सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सीमेवर तेरेखोल नदी लागते. अलीकडे आरोंदे गाव, पलीकडे गोव्यातील पेडणे तालुका. पेडणे पूर्वी सावंतवाडीच्याच राज्यात होते. कोल्हापूरकरांशी युद्ध चालू असता सावंतवाडीकरांनी १७८८ च्या तहाने ते पोर्तुगीजांना दिले. राज्ये दोन झाली, तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. होडीत बसले की मूल आजोळी पोचे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. मग भारत सरकारने सीमा बंद केली. कोंडी करावयाची होती ती परक्या सत्तेची. पण ती घराघरांतही झाली. परवान्यावाचून ये-जा होईना. चतुर्थीच्या दिवसांत एखादे पाच वर्षांचे मूल काठावर उभे राही. पलीकडचे माड स्पष्ट दिसत. "आपण आजोबांकडे कधी जायचे?" असे ते विचारी. आई उत्तर न देता त्याचा हात धरून घराकडे वळे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेनेने गोवा मुक्त केला. वाट मोकळी झाली, तेव्हा ते मूल अकरा वर्षांचे झाले होते. आजोबांच्या डोळ्यांसमोर मात्र ते अजून पाचच वर्षांचे होते.