फुकटच्या तिकिटाचा हिशेब

प्रश्न : आमचे घर कोरेगावला. शेतात ऊस, थोडे आले आणि खरिपाला घेवडा. पुण्यात नोकरीला असलेला भाचा क्रेडिट कार्डाच्या ‘वेलकम बोनस’वर बायकोला घेऊन विमानाने दिल्लीला जाऊन आला, म्हणे जवळजवळ फुकट. आता तो माझ्या मागे लागलाय, ‘मामा, तुम्हीही कार्ड काढा.’ आम्हा दोघांना, धाकट्या भावाला आणि भावजयीला दिवाळीनंतर मथुरा-आग्रा करायचे आहे. हे फुकट नक्की देतो कोण? आणि आमच्यासारख्याने ते घ्यावे का?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : देते बँकच, पण आपल्या खिशातून कायमचे नाही. नवे गिऱ्हाईक जोडायला जो खर्च येतो, तो ती जाहिरातवाल्याला देण्याऐवजी तुमच्या भाच्याला देते. कार्ड घासले की दुकानदाराकडून थोडा वाटा मिळतो, वर्षाचे शुल्क मिळते, आणि खरी कमाई होते ती बिल पूर्ण न भरणाऱ्यांच्या व्याजावर. म्हणजे भाच्याच्या तिकिटाचे पैसे बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी भाच्याने भरलेले असतात. हा डाव कधी बँकेवरही उलटतो. अमेरिकेत २०१६ च्या ऑगस्टमध्ये चेस बँकेने एक नवे प्रवासी कार्ड आणले. तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्च करा आणि १ लाख पॉइंट घ्या. लोकांची अशी झुंबड उडाली, की कार्डासाठी लागणारा धातूच संपला आणि काही दिवस बँकेला प्लास्टिकची कार्डे पाठवावी लागली. पुढच्या जानेवारीत बोनस निम्म्यावर आला. आपल्याकडे इतका घसघशीत बोनस सहसा मिळत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या गोष्टी ऐकून इथला अंदाज बांधू नका.

आता भाच्याच्या वाटेने जायचे तर काय होईल ते बघू. समजा विमान कंपनीच्या नावाच्या कार्डाचे पहिल्या वर्षाचे शुल्क ३,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. अट अशी, की ९० दिवसांत दीड लाख खर्च करायचा. दीड लाख तर खतावर, ठिबकवर, मुलांच्या फीवर जातातच, असे तुम्ही म्हणाल. जातात, पण ते मोजले जातील का, हा प्रश्न आहे. पेट्रोल-डिझेल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे आणि एटीएममधून काढलेली रोकड हे बहुतेक कार्डांत मोजणीबाहेर असते. कृषी सेवा केंद्रात कार्ड पुढे केले की ‘दोन टक्के जादा पडतील’ हे उत्तर आपल्याकडे नवे नाही. दीड लाखावर दोन टक्के म्हणजे ३,००० झाले. एवढे करून मिळालेले तिकीट अनेकदा नुसत्या मूळ भाड्याचे असते, विमानतळाचे शुल्क आणि कर आपण भरायचे. शिवाय विमानासाठी आधी पुणे गाठायचे. पुण्यात राहणाऱ्या भाच्याला हा खर्च दिसतच नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे : बोनससाठी खर्च करायचा नाही, ठरलेल्या खर्चाला बोनस जोडायचा. घरात फ्रिज यायचाच आहे, विम्याचा हप्ता भरायचाच आहे, कॉलेजची फी पुढच्या महिन्यात आहेच, अशा वेळी त्याच्या तोंडावर कार्ड हातात पडेल असे बघावे. मात्र फी आणि विमा अटीत धरतात की नाही हे आधी वाचावे, कारण काही कार्डे धरत नाहीत.

ऊसवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण शहरातले सल्लागार ती सांगत नाहीत. उसाचे बिल तोडीनंतर १४ दिवसांत द्यावे असा कायदा आहे, पण प्रत्यक्षात ते कधी जमा होते हे तुम्ही मला सांगायला हवे. कार्डाच्या बिलाची तारीख मात्र हलत नाही. ‘बिल आले की भरू’ या हिशेबावर कार्ड घासायचे नाही. २०,००० रुपये महिनाभर थकले आणि दर महिना साडेतीन टक्के असेल, तर व्याज ७०० आणि त्यावर जीएसटी १२६, एकूण ८२६. वर्षाचा दर ४२ टक्के पडतो. गावातल्या सावकाराला आपण नावे ठेवतो, हा त्याचाच शहरी भाऊ. बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरून दंड टळतो, व्याज टळत नाही. उलट नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

मग तुमच्यासाठी काय? तुम्हाला जायचे आहे मथुरेला, आणि साताऱ्याहून गोवा एक्सप्रेस थेट तिकडे जाते. रेल्वेचे म्हणजे आयआरसीटीसीचे एसबीआयबरोबरचे कार्ड तुमच्या जास्त जवळचे आहे. त्याच्या प्लॅटिनम प्रकाराचे पहिले शुल्क ५०० रुपये, करासह ५९०. पहिल्या ४५ दिवसांत एकदा ५०० रुपयांची खरेदी केली की ३५० पॉइंट, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. म्हणजे नुसत्या बोनसवर बघाल तर हे कार्ड २४० रुपये तोट्यात आहे! त्याचा फायदा पुढे आहे. आयआरसीटीसीवर एसी वर्गाचे तिकीट काढले की भाड्याच्या १० टक्क्यांपर्यंत पॉइंट परत मिळतात. चौघांचे थर्ड एसीचे जाऊन-येऊन भाडे १६,००० धरले, तर १,६०० पर्यंत पॉइंट. बोनस मिळवून १,९५०, शुल्क वजा जाता १,३६०. पण हे पॉइंट तिकिटातच वापरायचे असतात, म्हणजे पुढचा एखादा प्रवास ठरलेला हवा. आणि स्लीपरने जाणार असाल तर या १० टक्क्यांचा उपयोग नाही. मग हे कार्ड सोडा. कार्डाबरोबर रेल्वे लाउंजही मिळते, पण कोरेगावच्या फलाटावर बाकच आहे, त्याला पॉइंट लागत नाहीत.

पॉइंट साठवून ठेवू नयेत. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. दोन्ही वेळा माणसांचे पॉइंट बुडाले नाहीत, पण ज्या विमानासाठी जमवले होते ते विमान उरले नाही.

भाचा तीन कार्डे काढा म्हणत असेल तर ऐकू नका. प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलमध्ये होते आणि थोड्या काळात चार अर्ज दिसले की गुण उतरतात. उद्या ट्रॅक्टरच्या कर्जाला बँक तोच अहवाल बघणार. सिबिलसह पतअहवाल देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. खरे फुकट काही असेल तर ते हेच, आधी तो काढून बघा.

अर्ज करताना फोनवरची मुलगी ‘कोरेगाव पार्क का, सर?’ असे विचारेल. नाही म्हणा आणि पिनकोड ४१५५०१ सांगा. काही कंपन्या ठरावीक पिनकोडलाच कार्ड देतात. तिथे नकार आला तर बँकेत मुदत ठेव ठेवून त्यावर कार्ड मिळते, तोही चांगला मार्ग आहे.

रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ पासून तुमच्या बाजूचे आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. अर्जासोबत शुल्क-व्याज सांगणारा एका पानाचा कागद द्यावा लागतो. ३० दिवसांत कार्ड सुरू केले नाही तर बँकेने ओटीपीने तुमची संमती विचारायची, ती नसेल तर कार्ड विनाखर्च बंद करायचे. थकबाकी नसताना कार्ड बंद करायला सांगितले आणि कामाच्या सात दिवसांत झाले नाही, तर बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे. दुसऱ्या वर्षाचे शुल्क लागण्याआधी हा हक्क आठवा, आणि बंद करण्याआधी पॉइंट संपवा.

कार्डांच्या अटी वारंवार बदलतात, म्हणून वरचे आकडे त्या एका पानाशी ताडून मगच सही करा. आणि तारखांचे गणित असे : १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधीच खुले होते. नोव्हेंबरच्या मध्याला निघायचे तर तिकीट सप्टेंबरच्या मध्याला काढावे लागेल, म्हणजे कार्डाचा अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे.