धुक्यातली कोपी

वास्तूंचे छायाचित्रण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाडे, देवळे, किल्ले येतात. ऊसतोड कामगारांच्या कोपीला वास्तू कोण म्हणणार? पण बीडकडून दिवाळीच्या सुमारास आलेली कुटुंबे शिरोळच्या शिवारात ती स्वतःच्या हातांनी उभारतात. चार-सहा बांबू, त्यांवर चटई, पाचट आणि अलीकडे प्लॅस्टिकचा कागद. आत वाकूनच जावे लागते.

गेल्या डिसेंबरात मी पहाटे जाऊन या कोप्या धुक्यात टिपल्या. पहिली चूक तांत्रिक. समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे आहे असे प्रकाशमापक धरून चालतो, म्हणून पांढरे धुके मळकट उतरले. अशा वेळी मापक सांगेल त्याहून एक स्टॉप उजेड जास्त द्यावा. मोबाइलवरही ही सोय असते. दुसरी चूक उंचीची. उभ्याने घेतलेल्या चित्रात कोपी जमिनीत दबल्यासारखी दिसते. गुडघ्यावर बसले की तिचा शेंडा आभाळावर येतो.

तिसरी चूक कॅमेऱ्याची नव्हती. निळे प्लॅस्टिक मी मुद्दाम चौकटीबाहेर ठेवले होते. माणसे तोडीला गेलेली, तेही मला सोयीचेच वाटले. बर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने सीगन परिसरातली लाकडी सांगाड्याची घरे ढगाळ उजेडात, माणसांवाचून टिपली. त्यांचे पुस्तक 1977 साली निघाले. माझ्या मनात तोच आदर्श होता. पण ती घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. कोपी पाच महिन्यांची.

नातवंडे सांभाळत बसलेल्या एका आजींना विचारले, "आजी, फोटो काढू का?"

"काढ की. धुकं तुला चांगलं दिसतंय बाबा. आमचं पाचट वल्लं होतंय अन् लेकरं रातभर कुडकुडतेत."

मग मी दुपारी गेलो. डिसेंबरअखेर इथे सूर्य माथ्यावर येतच नाही, भर मध्यान्हीही 50 अंशांच्या आसपासच असतो. चारच्या तिरप्या उजेडात पाचटाची काडी न् काडी उठून दिसते, प्लॅस्टिकला मारलेली गाठही. सहाच्या सुमारास सूर्य मावळला की थोडा वेळ आभाळाचा आणि चुलीचा उजेड जवळजवळ सारखा होतो. ट्रायपॉड लावून तेवढ्यात काम उरकावे. तोवर 'कोयता' परतलेला असतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात दोघे मिळून एकच.

त्या संध्याकाळचे चित्र छापून मार्चअखेर द्यायला गेलो. तिथे चुलीचे तीन दगड होते आणि राख.