परमुलखातून आलेला बोल

राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहा. समोर पाण्यात जंजिरा दिसतो. लाट तटाला आपटते आणि मागे फिरते. रेडिओची लाटही अशीच फिरते. मात्र तिचा तट असतो आभाळात. जमिनीपासून शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर विरळ हवा आहे. उन्हाच्या माऱ्याने तिच्यात वीज भरते. रेडिओच्या आखूड लहरी तिथे लागून खाली वळतात. खाली जमिनीला, समुद्राला लागून पुन्हा वर जातात. अशा उड्या मारत लंडनचा बोल कोकणात पोचतो. मध्ये तार नाही, खांब नाही. वरचा थर बदलत असतो, म्हणून आवाज कधी चढतो, कधी बुडतो.

दुसऱ्या महायुद्धात या लाटेवर मोठा झगडा झाला. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानने सिंगापूर घेतले. लढाई हिंदुस्थानच्या दाराशी आली. त्याच वर्षी लंडनची बी.बी.सी. मराठीतून बोलू लागली. इंग्रजांना एकाएकी मराठीचे प्रेम आले, असे समजू नका. इथली माणसे आपल्या बाजूला हवीत, ही त्यांची गरज होती. तिकडे जर्मनीतून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ आपल्या देशाच्या कित्येक भाषांत बोलत होता. यंत्रे जर्मनांची, बोल स्वातंत्र्याचा! आपला ऑल इंडिया रेडिओ तरी मागे कुठे होता? तो १९३९ सालीच परदेशासाठी पश्तूत बोलू लागला होता.

बी.बी.सी.चे मराठी १९५८ साली बंद झाले. २०१७ साली परत आले, ते इंटरनेटवर.

परक्या मुलखासाठी बोलायचे तर खर्च फार. तो बहुधा सरकार देते. म्हणून ऐकताना आधी विचारावे, पैसा कोणाचा? पण सरकारचा पैसा म्हणजे सगळे खोटे, असेही नव्हे. बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उघडून बघतो ना? बातमीही तशीच बघावी. दुसरीकडे तीच गोष्ट कशी सांगतात ते ऐकावे. काय गाळले, तेही पाहावे.

जवळचाच दाखला घ्या. गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. (पूर्वी आपल्या कोर्लईवरही होते. तिथली एक बोली अजून पोर्तुगीज वळणाची आहे.) गोव्यात त्यांचा सरकारी रेडिओ होता, एमिसोरा दी गोवा. वर्तमानपत्रांवर करडी नजर. विरुद्ध बोलेल तो तुरुंगात. अशा वेळी १९५५ च्या नोव्हेंबरात सरहद्दीपलीकडच्या जंगलातून दुसरा आवाज उठला. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई तो चालवीत. आधी आंबोलीच्या बाजूला, मग कॅसलरॉकला. आंबोलीचा पाऊस तुम्हाला ठाऊकच असेल. अशा रानात राहून ते रोज बातम्या देत. कोकणीत बोलत, तसेच पोर्तुगीज भाषेतही बोलत. आम्हाला हे फार शहाणपणाचे वाटते. राज्यकर्त्याला त्याच्याच भाषेत ऐकवले! असे त्यांनी सहा वर्षे केले.

१८ डिसेंबर १९६१ ला भारताच्या विमानांनी बांबोळीच्या पोर्तुगीज रेडिओकेंद्रावर रॉकेटांचा मारा केला. ते मुके झाले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. मग लिबियाबाई आणि वामनराव विमानात बसले. विमानाला कर्णा लावला होता. गोव्यावर घिरट्या घालीत त्यांनी कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये खालच्या लोकांना सांगितले, गोवा मोकळा झाला.