हिंदूरावच्या रिजवरून जनपथकडे

चि. भाचीस,

तुला दिल्लीत खोली मिळाली ती हिंदूरावला, हे वाचून आनंद झाला. ज्यांचं नाव त्या भागाला चिकटलं ते हिंदूराव घाटगे आपल्या कागलचे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. रिजवरचा त्यांचा बंगला मुळात कंपनी सरकारच्या विल्यम फ्रेझरचा. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे ते घर हिंदूरावांकडे आलं. चित्रकलेच्या विद्यार्थिनीने या फ्रेझरचं नाव ध्यानात ठेवावं. १८१५ ते १८१९ च्या सुमारास त्याने आणि त्याचा भाऊ जेम्सने दिल्लीच्या चित्रकारांकडून गावकरी, शिपाई, नाचणाऱ्या बायका यांची चित्रं काढून घेतली. मुघल कलमात मुरलेल्या त्या हातांनी साहेबांच्या जलरंगांतली छायाप्रकाशाची रीत उचलली, पण चेहऱ्यावरचं बारीक काम आपलंच ठेवलं. ती पानं आता जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत.

हे सांगायचं कारण तुझी तक्रार. संग्रहालयात गेलं की पाहिलेलं सगळं हातात शिरतं, आणि वर्गातल्या मैत्रिणीची रेघ आपल्या चित्रात उतरते, म्हणून तू धास्तावली आहेस. धास्तावू नकोस. आपल्याकडच्या मोठ्या चित्रकारांचं शिक्षण याच वाटेने झालं.

मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मले आणि तरुणपणी मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत होते. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्याच्या साळगावचे. १९४५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांना काढून टाकलं होतं. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसेन यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. पुढच्याच वर्षी हुसेन आणि सूझा जोडीने दिल्लीला आले, ते एक प्रदर्शन पाहायला. लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलेला भारतीय कलेचा ठेवा मायदेशी परतला होता आणि तो आजच्या राष्ट्रपती भवनात लोकांसाठी खुला केला होता. मथुरेची शिल्पं, गुप्तकाळातल्या मूर्ती, बसोहलीची लघुचित्रं त्यांनी एका जागी पाहिली. मूर्तीच्या देहाचा डौल, बसोहलीचा भडक सपाट रंग आणि लोककलेतला भाबडेपणा हुसेनच्या चित्रांत एकत्र नांदू लागला तो इथून पुढे. त्यांचं १९५५ चं ‘जमीन’ हे चित्र नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. तिथे, म्हणजे जयपूर हाउसला, जाशील तेव्हा त्याची चौकशी कर.

सूझांनीही तीच शिल्पं पाहिली. त्यांच्या हातून मात्र काटेरी, जाड काळ्या रेघेची माणसं उतरली. हुसेनच्या चित्रांतल्या बायकांशी त्यांचं काहीच नातं दिसत नाही. दोन मित्र एकाच दालनातून फिरले, तरी त्यांची चित्रं सारखी झाली नाहीत. मैत्रिणीची रेघ तुझ्यात उतरते आहे ना? उतरू दे. ती तुझ्या हाताला कुठे अडते, तिथे नीट लक्ष दे.

आणि हेही ऐक. त्या प्रदर्शनातल्या वस्तूंतूनच १५ ऑगस्ट १९४९ ला राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. जनपथवरच्या इमारतीत ते १९६० साली आलं. म्हणजे तू ज्या दालनांत जातेस, त्यांची सुरुवात हुसेन आणि सूझांनी पाहिलेल्या प्रदर्शनापासून झाली.

वासुदेव गायतोंड्यांचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. जे. जे. मधून बाहेर पडल्यावर त्यांच्यावर जैन पोथ्यांचा आणि बसोहलीचा ठसा होता, मग पॉल क्लेचा. ते त्यांनी लपवलं नाही. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये शेजारी रविशंकरांचं संगीत आणि अल्काझींची नाटकं चालायची. हळूहळू आकृत्या गळत गेल्या आणि रंगांचे थर उरले. सत्तरच्या दशकात ते दिल्लीत आले आणि निजामुद्दीनच्या छोट्या खोलीत मोजकी चित्रं करत राहिले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. पहिल्या दहा वर्षांत आपण कुणासारखे दिसतो याची चिंता करत बसले असते, तर ते थर आले असते असं मला वाटत नाही.

आता कामाचं. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं. इतर दिवशी सकाळी लवकर जा. सगळी दालनं पालथी घालू नकोस. बसोहलीचं एकच पान निवड, फोन पिशवीत ठेव, पेन्सिलीने त्याची मांडणी वहीत उतरव. रंग कुठे कुठे आले, हे शब्दांत लिहून ठेव. एकटी जाऊ नकोस. त्या मैत्रिणीला बरोबर ने आणि परतताना तिने काय टिपलं ते विचार. वर्गात तिचं काम भिंतीवर लागलं की नुसतं ‘छान’ म्हणून सुटू नकोस. कुठे डोळा थांबला ते सांग, आणि तिलाही तुझ्याबद्दल सांगू दे.

सुरुवात घराजवळूनच होऊ शकते. हिंदूराव रुग्णालयाजवळचा अशोकस्तंभ फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणवला. पुढे स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले, आणि १८६७ मध्ये ते सांधून तो पुन्हा उभा केला. सांधे अजून दिसतात. दोघींनी एकाच वेळी, दोन बाजूंना बसून तो काढा. दोन्ही पानांचे फोटो मला पाठव. तिचं पानही हवं, विसरू नकोस.

तुझा मामा