मागच्या केबिनचे कानमंत्र

बडोद्याला निघालास, तेही सी-२९५ वर. छान झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये हवाई दलात आलेलं कोरं विमान, सव्वानऊ टनांपर्यंत माल उचलणारं. आमच्या एएन-३२ ची धाव पावणेसात टनांवर संपायची. तुमच्याकडे पुढे सगळे स्क्रीन, आकडेमोडीला कॉम्प्युटर. पण मागच्या केबिनमध्ये काम तेच, जे ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला डाकोटात करत होते: माल आत घ्यायचा, जागेवर बसवायचा, बांधायचा आणि तो तिथून हलणार नाही याची जबाबदारी घ्यायची. मी एएन-३२ वर फ्लाइट गनर होतो. बंदूक कधी दिसली नाही. मागचा माल आणि मागची माणसं माझ्याकडे. पुस्तकात आहे ते पुस्तकातून शिकशीलच. मी वरचं सांगतो.

कागदावरच्या वजनावर विसंबू नकोस. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तांदळाची पोती, प्रत्येकी ५० किलो. रात्रभर पाऊस झालेला असतो, पोती उघड्या ट्रकमध्ये उभी असतात, आणि ताग पाणी पितो. दहा पोती काट्यावर टाक, मगच लोडशीटवर आकडा लिही. जवानांचंही तसंच. सुट्टीवर निघालेला गडी ‘एकच बॅग आहे साहेब’ म्हणतो, आणि ती एक बॅग दोघांना उचलावी लागते. माणसासकट तोल. समोर मोठा अधिकारी असला तरी ‘सर, काट्यावर या प्लीज’ म्हणायला लाजू नकोस. एकदा म्हणालास की पुढच्या वेळी ते आपणहून येऊन उभे राहतात.

मग ट्रिम. हे नुसतं पाठ करू नकोस, हाताने मांडून बघ. विमान माल-इंधनासकट २४ टनांचं आहे असं धर. अर्ध्या टनाचा एक खोका पुढे ठेवायचा होता, तो चार मीटर मागे राहिला. ५०० गुणिले ४, भागिले २४,०००. साधारण ८ सेंटिमीटर. एका खोक्याने अख्ख्या विमानाचा गुरुत्वमध्य चार बोटं मागे सरकला. ८ सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण विमानाला मिळणारी एकूण मोकळीकच फार नसते. मध्य मागे गेला की नाक वर जायला बघतं, आणि पायलटला ते कळतं चाकं सुटल्यावर. तेव्हा खोका कुठे आहे ते बघायला वेळ नसतो. म्हणून माल चढवणाऱ्या पार्टीने ‘साहेब, इथेच राहू दे, जड आहे’ म्हटलं की ‘हो’ म्हणू नकोस.

आता बांधणी. इथे जरा थांबून ऐक, कारण अपघात इथे शिजतो. अमेरिकी हवाई दलात नियम असा की पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या तिप्पट जोर आला तरी तो जागचा हलता कामा नये. मागे आणि बाजूंना दीडपट, वरच्या दिशेला दुप्पट. तुझ्या विमानाच्या पुस्तकात आकडे काय आहेत ते पहिल्याच दिवशी बघून घे. दोन टनांची जीप घे. पुढच्या दिशेला सहा टन जोर धरायचा. चेनवर लिहिलंय साडेचार टन, म्हणून दोन चेन म्हणजे नऊ टन झाले असं समजू नकोस. चेन जमिनीशी ३० अंशांत आणि विमानाच्या लांबीशीही ३० अंशांत असेल, तर पुढच्या जोराला तिचा पाऊण हिस्साच कामाला येतो, सुमारे ३.४ टन. दोन चेन मिळून पावणेसात. भागलं. पण घाईत कोणी तीच चेन जवळच्या रिंगेत अडकवून उभी ओढली, जमिनीशी ६० अंश केली, की तिची ताकद दोन टनांच्याही खाली येते. चेन तीच, रिंग तशीच, जीपही तीच, आणि तुझा हिशेब निम्म्याच्या आसपास आला. लांबची रिंग शोध. दोन पावलं जास्त चालावं लागलं तर चाल.

दुसरं, एकाच दिशेला चेन आणि नायलॉनचा पट्टा एकत्र लावू नकोस. नायलॉन ताणतं, चेन ताणत नाही. धक्का बसला की सगळा भार आधी चेनवर येतो आणि पट्टा नुसता बघत राहतो. कागदावर दोन्ही मिळून ताकद पुरेशी दिसते, म्हणूनच ही चूक तपासणीत सापडत नाही. हे कळलेली माणसं तुला थोडी भेटतील, जुन्या लोडमास्टरांतसुद्धा.

२९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बगरामहून एक ७४७ मालवाहू विमान उडालं. पोटात पाच चिलखती गाड्या होत्या. चढतीलाच गाडी सुटून मागे गेली, हायड्रॉलिकच्या यंत्रणा आणि शेपटीचा तोल सांभाळणारा भाग मोडला, आणि विमान तळाजवळच कोसळलं. सातही जण गेले. पुढे बसलेल्यांना काही करता येण्यासारखं उरलंच नव्हतं. त्या घटनेचा चौकशी अहवाल मिळव आणि वाच. पार्टीतल्या पोरांनाही वाचून दाखव.

बांधून झालं की एकदा प्रत्येक चेनवर पाना आपट. घट्ट चेन टणक, तोडका आवाज देते, ढिली खुळखुळते. पोत्यांवरची जाळी तर दोनदा बघायची: विमान टॅक्सी करून धावपट्टीच्या टोकाशी आलं की पोती बसलेली असतात, जाळी बोटभर सैल झालेली असते. तेव्हा ती पुन्हा ओढ. ‘आधी ओढली होती’ हे उत्तर नाही.

उंचीवर माल वेगळा वागतो. रॅम्प उघडायचा तर केबिनमधला दाब आधी बाहेरच्या हवेइतका खाली आणावा लागतो, मग तुमच्या तोंडाला ऑक्सिजन आणि मालाला काहीच नाही. बिस्किटांची पाकिटं उशीसारखी फुगतात, ते हसण्यावारी घे. पण रॉकेलचा जेरीकॅन गळ्यापर्यंत भरून दिला असेल तर परत पाठव. वर मोकळी जागा हवीच. बंद बूच आणि काठोकाठ तेल म्हणजे केबिनभर वास, आणि शेजारी बसलेल्यांना उलट्या. बॅटऱ्या, गॅस सिलिंडर, जिवंत बकऱ्या, सगळ्यांचे नियम वेगळे आहेत, ते पुस्तकात मिळतील.

सियाचीनला आम्ही विमानातून माल टाकायचो ते बघून पायदळाचे लोक म्हणायचे, यात काय, दार उघडा आणि ढकला. हिशेब कर. पॅराशूट साधारण ६ मीटर प्रतिसेकंद वेगाने उतरतं असं धर. २०० मीटरवरून सोडलं तर जमिनीला लागायला अर्धा मिनिट. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर गाठोडं दीडशे मीटर लांब पडतं, आणि हिमनदीवर दीडशे मीटर लांब म्हणजे कधीकधी थेट भेगेत. मग त्या पोस्टची डाळ गेलीच. पॅराशूटशिवाय टाकायची पोती तर एका पोत्यात दुसरं, तेही सैल भरून. आतलं फुटतं, बाहेरचं धान्य झेलतं. घट्ट भरलेलं दुहेरी पोतं आदळून दोन्ही थरांत फुटतं. ही अक्कल कुणा इंजिनिअरची नाही, ईशान्येला धान्य टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं दाणे वेचून शिकलेली आहे. आणि ड्रॉपच्या वेळी रॅम्पजवळ हार्नेसशिवाय पाऊल टाकायचं नाही, पॅराशूट पाठीला असलं तरी.

लेहला जाशील तेव्हा हवेचाही हिशेब मागून सुरू होतो. विमानतळ १०,६०० फुटांच्या वर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या हवेच्या पाऊण हिस्साही दाट नसते, आणि दुपारी ऊन पडलं की आणखी विरळ. पायलटच्या घड्याळात २०० दिसतं तेव्हा विमान जमिनीवरून साधारण २३५ ने पळत असतं. थांबायला जास्त धावपट्टी, उडायला जास्त धावपट्टी, चढायला कमी जोर. दरी इतकी अरुंद की एका बाजूने उतरायचं आणि उलट्या दिशेने उडायचं, हाच रिवाज. दुपारी वाराही उठतो, म्हणून सगळा कारभार सकाळचा. तेव्हा लोडमास्टरने ‘आणखी दोनशे किलो बसतील’ म्हणू नये. बसतात. उडत नाहीत.

आमची विमानं याच उंचीचा विचार करून बनलेली. एएन-३२ ची दोन्ही इंजिनं पंखांच्या वर चढवलेली असतात, मोठ्या पंख्यांना जागा मिळावी म्हणून. त्याआधीच्या पॅकेट मालवाहू विमानांना तर जोर पुरेना म्हणून पाठीवर एक जेट इंजिन जास्तीचं बसवलं होतं. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर राजेंनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं, १६,००० फुटांहून वर. पॅकेट काही वर्षं तिथे उतरत राहिली, मग ते बंद पडलं. पुन्हा तिथे विमान उतरलं ते ३१ मे २००८ ला, एएन-३२. मध्ये चार दशकं गेली. असल्या जागी विमान थांबवून माल उतरवत बसत नाहीत, इंजिनं चालूच राहतात. तुझं काम रॅम्पमागे. रॅम्पकडूनच ये, रॅम्पकडूनच जा, पंख्यांच्या बाजूने शॉर्टकट नाही. आणि धावू नकोस. मैदानातून आलेला माणूस तिथे पन्नास पावलं पळाला की गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतो, आणि त्या क्षणी त्याला माल बांधलेला आहे की नाही हे कळत नाही.

मॅनिफेस्टबद्दल, म्हणजे विमानात कोण-काय आहे त्या यादीबद्दल, एक सांगतो. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ हवामानामुळे मागे वळलं आणि रोहतांगच्या भागात बेपत्ता झालं. १०२ माणसं होती. अवशेष सापडले २००३ मध्ये, आणि २०२४ मध्येसुद्धा बर्फातून आणखी चार मृतदेह निघाले. छप्पन्न वर्षांनी. ओळख पटवायला खिशातल्या कागदांचा आधार घ्यावा लागला. म्हणून शेवटच्या क्षणी धावत आलेला माणूस घेतलास तर त्याचं नाव, नंबर, वजन आधी लिही आणि मॅनिफेस्टची प्रत जमिनीवरच्या माणसाच्या हातात दे. विमानातली प्रत विमानाबरोबर जाते. एखाद्याला उतरवलंस तरी नाव दोन्ही प्रतींवर खोड. हे न करणारे तुला रोज भेटतील आणि त्यांचं काही बिघडत नाही, म्हणून ते करत राहतात.

तू बोलत कसा आहेस, त्याकडेही लक्ष दे. इंजिनं सुरू झाली की कॅप्टनला लांबलचक वाक्यं ऐकू येत नाहीत. ‘सर, मला वाटतं बहुतेक डावीकडची चेन जरा’ असं सुरू केलंस तर तू वाक्य संपवायच्या आत विमान धावपट्टीवर असतं. ‘लोड नॉट सिक्युअर, थांबा’ एवढंच. कारण नंतर सांग. कॅप्टन चिडला तरी चिडू दे, चांगला असेल तर रात्री मेसमध्ये चहा पाजेल.

आणि इअरप्लग घालत जा, वरून हेडसेट असला तरी. नवी विमानं शांत आहेत म्हणतात, असतीलही. आमच्या बॅचमध्ये कोणाचे कान शाबूत नाहीत. फोनवर तुझी आई माझ्याशी ओरडून बोलते ते भांडण नसतं.