गुलाबावरील बुरशीजन्य रोग : ओळख आणि नियंत्रण

गुलाबाची पाने डागाळली की बरेच बागायतदार हाताशी असेल ते औषध फवारतात. मँकोझेब फवारून भुरी आटोक्यात येत नाही आणि फांदीमर कोणत्याच फवारणीने बरी होत नाही. पैसा जातो, फूलही बाजारात चालत नाही. म्हणून रोग झाडाच्या कोणत्या भागापासून सुरू झाला, हे आधी पाहावे.

१) भुरी : सुरुवात कोवळ्या शेंड्यापासून होते. पाने व कळ्यांवर पांढरी भुकटी दिसते व ती बोटाने पुसली जाते. पाने आकसतात, कळ्या नीट उमलत नाहीत. दिवसा कोरडी हवा आणि रात्री गारवा व दमटपणा असल्यास हा रोग वाढतो.
उपाय : पाण्यात मिसळणारे गंधक (८० टक्के) २० ग्रॅम १० लिटर पाण्यातून फवारावे. कडक उन्हात फवारू नये, पाने करपतात.

२) काळे ठिपके : सुरुवात खालच्या पानांपासून होते. ठिपके गोल, काळे व झालरीसारख्या कडांचे असतात, ते पुसले जात नाहीत. सभोवतालचा भाग पिवळा पडून पान गळते. पान सलग सुमारे ७ तास ओले राहिल्यास बुरशी रुजते, म्हणून पावसाळ्यात हा रोग बळावतो.
उपाय : पाणी सकाळी व बुंध्याशी द्यावे, पानांवर नको. गळलेली पाने वेचून नष्ट करावीत, कारण बुरशी त्यांत टिकते. मँकोझेब (७५ टक्के) २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. पावसाळ्यात दर १० ते १२ दिवसांनी फवारणी करावी.

३) फांदीमर (डायबॅक) : सुरुवात छाटलेल्या टोकापासून होते. फांदी काळपट तपकिरी होऊन वरून खाली वाळत जाते.
उपाय : वाळलेल्या भागाखाली ५ सेंमी हिरव्या भागात धारदार कात्रीने तिरका काप घ्यावा. कापावर लगेच बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात कालवून एकत्र करावा. मलम त्याच दिवशी वापरावे. ऑक्टोबर छाटणीनंतर प्रत्येक कापाला ते लावल्यास हा रोग सहसा शिरत नाही.

फवारताना हातमोजे वापरावेत, नाकातोंडाला कापड बांधावे. आठवड्यातून एकदा शेंडा, खालची पाने आणि छाटणीचे काप या तीन जागा न चुकता पाहाव्यात. पहिल्या चार पानांवर दिसलेला रोग थोड्या खर्चात आवरता येतो.